डिझेल हीटर असला तरी केबिनमध्ये सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म हवाच

शिडाच्या यॉटवर गरम हवेचा डिझेल हीटर बसवणाऱ्यांमध्ये एक समज फिरतोय: ‘ज्वलनकक्ष बंदिस्त असतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा प्रश्नच नाही.’ हे अर्धंच खरं आहे. जळणारी हवा आणि केबिनमध्ये येणारी हवा वेगळी असते, हे बरोबर. पण धूर बोटीबाहेर न्यायचा पाइप बोटीच्या आतूनच जातो, आणि खरी मेख तिथेच आहे.

गाड्यांसाठीच्या स्वस्त किटमधला सायलेन्सर हातात घेऊन पाहा. पत्रा नुसता दुमडून जोडलेला, खाली पाणी निथळायला बारीक भोक. गाडीच्या खाली, उघड्यावर ते चालतं. बोटीच्या लॉकरमध्ये, म्हणजे सामानाच्या बंद कप्प्यात, तेच भोक धूर आत सोडतं. बोटीला वायुरोधक सायलेन्सरच लावा, क्लॅम्प घट्ट आहेत ना ते दर हंगामात तपासा. समुद्राचं पाणी उलटं शिरू नये म्हणून पाइपला उंच वळण द्या, हे ओघाने आलंच.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की माणूस ‘बोट लागली’ म्हणून आडवा होतो. कृपा करून झोपायच्या जागेजवळ अलार्म लावाच.