कथा गाळून खिद्रापूर बघायचं कसं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावरच्या लेखात मी सतीच्या कथेला भरपूर जागा दिली आणि ते बांधणाऱ्या शिलाहार राजघराण्याला चार ओळींत गुंडाळलं, स्थापत्यावर लिहायचं तर 'कीर्तन नको', स्वर्गमंडपाचं (देवळापुढच्या खांबांच्या मंडपाचं) छत उघडं आहे ते काम अर्धवट राहिल्यामुळे, उगाच त्यात स्वर्ग शोधू नये, आणि कोप्पमच्या लढाईचा साधा उल्लेखही नाही.

कीर्तनापासून सुरुवात करतो. (तो शब्द तुम्ही शिवीसारखा का वापरलात कोण जाणे. चांगल्या कीर्तनकाराच्या पूर्वरंगात आपल्या दोघांच्या लिखाणापेक्षा जास्त शिस्त असते.) खिद्रापूरला गेलेला माणूस हमखास विचारतो, नंदी कुठाय? महादेवाचं एवढं मोठं देऊळ आणि समोर नंदीच नाही. गाभाऱ्यात बघावं तर लिंगं दोन. या दोन्ही गोष्टी स्थापत्याच्याच आहेत ना? आणि कथा नेमकी त्यांचाच उलगडा करते. दक्षाच्या यज्ञाला सती गेली ती नंदीवर बसून. तिथे अपमान झाला, तिने यज्ञकुंडात उडी घेतली, महादेव कोपले आणि त्यांची समजूत काढायला विष्णू आले. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि शेजारी धोपेश्वर, म्हणजे विष्णू. नंदी मात्र कृष्णेपलीकडे यडूरला. ते गाव आज कर्नाटकात, चिकोडी भागात येतं, आणि तिथलं प्रसिद्ध देऊळ कुणाचं, तर वीरभद्राचं. दक्षाचा यज्ञ उधळायला महादेवाने धाडला तोच हा. नदीच्या दोन काठांवरची ही देवळं एका कथेने जोडली गेली आहेत. कथा वगळली तर यडूरला जायचं कुणाला सुचणारही नाही. हे सगळं घडलं असं मी कुठे म्हटलं? 'गावात सांगतात' असंच लिहिलंय.

आता छत. 'अर्धवट राहिलं' हे तुम्ही लिहिलंय तितकं पक्कं नाही. तसं मानणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे, नाही असं नाही. बारा खांबांच्या रिंगणावर दगडाचे थर आत आत सरकत जातात. तसेच पुढे नेले असते तर छत मिटलं असतं. पण त्या उघड्या वर्तुळाच्या बरोबर खाली जवळपास तेवढ्याच व्यासाची, 13 फुटांच्या आसपासची गोल शिळा जमिनीत बसवली आहे. तिच्यावर उभं राहून वर बघा. आकाशाचा गोल तुकडा, त्याच्या कडेने आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आणि वरून थेट उतरणारा उजेड. कन्नड मुलखातल्या देवळांत बंद छताखालीही अशी गोल शिळा, म्हणजे रंगशिळा, असते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. माझा कल 'मुद्दाम उघडं ठेवलं' याच बाजूला आहे, आणि लेखात तो कल म्हणूनच मांडलाय. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या वर्तुळावर येतो तेव्हा लोक शिळेभोवती गोळा होतात. त्याने बाराव्या शतकातलं काही सिद्ध होत नाही, पण देऊळ आजही वापरात आहे, एवढं तरी दिसतं.

खांबांचं तुम्ही विचारलंच नाहीत, नवल आहे. खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, आणि गोल भागावर कातकाम केल्यासारखी वळी, इतकी तासलेली की बोट कुठे अडत नाही. बेसाल्टसारख्या कडक दगडात हे केलंय. स्थापत्यप्रेमी म्हणून माझ्याशी भांडायचंच होतं, तर इथे भांडायला हवं होतंत. खांबांवर मी खरंच कमी लिहिलंय.

कोप्पमबद्दल. 1054 मध्ये तिथे चालुक्यांशी लढताना चोळ राजा राजाधिराज मारला गेला, हे खरं. पण ते कोप्पम म्हणजेच खिद्रापूर, हे काहींचं मत. कर्नाटकातल्या कोप्पळकडे बोट दाखवणारेही आहेत. शिवाय आज उभं असलेलं देऊळ त्या लढाईनंतर शंभरेक वर्षांनी आकाराला आलं. गावकऱ्यांच्या कथेला पुरावा मागायचा आणि या तर्काला इतिहास म्हणून पुढे करायचं, हे काही पटत नाही.

शिलाहारांपेक्षा मला त्यांच्या नंतरची गोष्ट जास्त ओढते. इथले बरेचसे शिलालेख जुन्या कन्नडमध्ये आहेत. दक्षिण दाराजवळचा देवनागरीतला संस्कृत लेख मात्र देवगिरीच्या यादव सिंघणाचा. पन्हाळ्यावरच्या दुसऱ्या भोजाला हरवून शिलाहारांचं राज्य बुडवलं ते याच सिंघणाने, आणि शिलाहारांच्या या देवळाला गाव दान दिलं तेही त्यानेच. पुढचा लेख यावरच लिहितोय.

तुम्ही पुन्हा जाल तेव्हा नरसोबावाडी-कुरुंदवाड करून खिद्रापूर गाठा आणि यडूरही जोडून घ्या. दिक्पाल उंचावर आहेत, छोटी दुर्बीण असली तर बरी. पावसाळा मात्र टाळा. 2019 आणि 2021 च्या महापुरात खिद्रापूर ज्यात येतं त्या शिरोळ तालुक्याचं काय झालं ते तुम्हाला माहीतच असेल.