ओरिजिनल पेंट

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी वाढदिवस, श्राद्धाच्या तिथी आणि गुडघेदुखीवरचे उपाय यांपलीकडे काही नसतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये मात्र तिथे रणधुमाळी माजली. लंडनच्या लिलावात निघालेली रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने ४७ लाखांच्या आसपास मोजून सोडवली, ती मुंबईत पोचली, आणि वाईहून दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचा, मेसेज आला: "आपलाच वारसा आपल्याला विकत घ्यावा लागतो. लुटारूंना लाज नाही." खाली अकरा अंगठे. दहा मिनिटांनी दुसरा मेसेज: "आणि आपल्यातलेच काही जण तिकडे बसून तोच धंदा करतात." त्याखाली अंगठा कुणीच दिला नाही, पण वाचला सगळ्यांनी.

काही जण म्हणजे मी. आदरार्थी बहुवचन म्हणायचं.

मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफिल्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टेबल लावते. मे, जुलै, सप्टेंबर, वर्षातून तीनदा. श्रूजबरीहून पहाटे चारला निघायचं, पाईकवरून, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवरून, स्टर्ब्रिजला उतरायचं आणि रूट ट्वेंटीवर व्हॅनच्या रांगेत कॉफी पीत बसायचं. गॉर्डन रीड नावाच्या गृहस्थाने १९५९ साली स्वतःच्या जागेत काही विक्रेते गोळा करून हे सुरू केलं. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैदानंच मैदानं आहेत आणि प्रत्येकाचं फाटक वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी उघडतं. खरी खरेदी-विक्री आम्हा टेबलवाल्यांची आपापसांत, उजाडायच्या आत, बॅटरीच्या उजेडात होते. नऊ वाजता टोप्या घालून येणाऱ्या गिऱ्हाइकाला जे दिसतं ते तीनदा हात बदललेलं असतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी हेच चालतं, पण तिथे त्याला कुणी फोक आर्ट म्हणत नाही. भंगार म्हणतात.

माझी मुख्य विक्री गोधड्यांची. आपल्या नव्हेत, इथल्या: व्हरमाँट, मेनमधल्या शेतकरणींनी जुन्या कापडांतून शिवलेल्या क्विल्टची. आपल्याकडचं सामान म्हणजे टेबलाचा डावा कोपरा. दोन-चार अडकित्ते, कुंकवाचे करंडे, लमाणी भरतकामाचे तुकडे, रवी वर्मा प्रेसची पत्र्याच्या चौकटीतली एखादी लक्ष्मी. आणि वज्री. मोर असलेली, हत्ती असलेली, खाली खरखरीत जाळी असलेली पितळी वज्री. गेल्या वर्षी एका वकीलबाईंनी टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून एक नेली. टाचा घासायची वस्तू आहे हे मी सांगितलं नाही.

दादाला वाटतं हे सगळं मी बॅगेतून चोरून आणते. दादा, १९७२चा कायदा आहे. शंभर वर्षांवरची कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, आणि हे मला तू सांगायला नको. माझा माल इथल्याच माळ्यांवरून निघतो. या मॅसॅच्युसेट्सच्या माळ्यांवर महाराष्ट्र किती आहे याची कल्पना वाईत बसून यायची नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली ती बोस्टनच्या मिशन बोर्डाने धाडलेली. पुढे अहमदनगर, सातारा. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहून परतलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांत मराठी बायबल असतं, शेजारणीने दिलेला पानाचा डबा असतो, स्वयंपाकिणीने निरोपाला दिलेली फुलपात्रं असतात. त्यांची नातवंडं म्हातारी झाली की घराची सेल निघते. मी जाऊन डब्यावरची नावं वाचते. "चि. सौ. कां. यमू हिस" असं टोचून कोरलेलं फुलपात्र मला वूस्टरमध्ये तीन डॉलरला मिळालं. आता ही लूट का? यमूने दिलं असेल, विकलं असेल, किंवा यमू गेल्यावर तिच्या सुनेने बोहारणीला घातलं असेल. लूट हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात आपण दिलेलं सगळं झाकलं जातं.

दादाने यावर लगेच सुभाष कपूरची बातमी चिकटवली. मॅनहॅटनमध्ये गॅलरी थाटलेला, तमिळनाडूतल्या देवळांतून चोरलेल्या मूर्ती विकणारा, २०११ मध्ये जर्मनीत पकडलेला आणि २०२२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झालेला. त्याच्यापुढे मी काय बोलणार? ती चोरीच. २०२१ मध्ये अमेरिकेने १५७ वस्तू परत दिल्या, त्या काही कुणी हौसेने निरोपाला दिलेल्या नव्हत्या. पण माझ्या डाव्या कोपऱ्यातली वज्री आणि देवळातून उचललेला नटराज यांना एका पारड्यात घालायचं, हा वाद नव्हे, दमदाटी आहे. शिवाय २०२४च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली तेव्हा हाच दादा रांगेत उभं राहून फोटो काढून आला. ती तर लंडनहून तीन वर्षांच्या उसन्या बोलीवर आली होती. तेव्हा नाही लाज वाटली.

मला राग कशाचा येतो ते सांगते. तलवार म्हटली की आपल्याला वारसा आठवतो. बंब म्हटला की मोडीचा भाव आठवतो.

आमच्या वाईच्या घरात तांब्याचा बंब होता. माझ्या छातीपर्यंत यायचा. नळी थोडी वाकडी, कारण आजोबांच्या लग्नात तो बैलगाडीतून पडला होता. घंगाळ होतं, दोन हंडे होते, एक परात इतकी मोठी की तिच्यात आम्ही तिघी भावंडं बसायचो. २००९ मध्ये घर बिल्डरला गेलं आणि हे सगळं काट्यावर गेलं. किलोवर. तोच दादा, ज्याला आज तलवारीचं इतकं वाटतं, तो काट्याशेजारी उभा होता. हे मी ग्रुपवर लिहिलं. अंगठे मिळाले सात.

इथे तसं नाही, असं मी पुढे ठोकून दिलं. इथे केप कॉडच्या एल्मर क्रॉवेलने शिकारीला पाण्यात सोडायची लाकडी बदकं केली, आणि २००७ मध्ये त्याचे दोन पक्षी प्रत्येकी अकरा लाख डॉलरच्या वर गेले. शेतकऱ्याच्या कोठारावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा इथे म्युझियममध्ये बसतो. व्हरमाँटला शेलबर्नचं म्युझियम काढणाऱ्या इलेक्ट्रा वेबची आई देगा, माने या फ्रेंच चित्रकारांची चित्रं जमवणारी. मुलीने तंबाखूच्या दुकानाबाहेरचा लाकडी पुतळा घरात आणला तेव्हा तिने कपाळाला हात लावला. मुलीने ऐकलं नाही. १९४७ मध्ये म्युझियमच काढलं, आणि त्यात पुढे गोधड्या टांगल्या, बदकं मांडली, एक आख्खी आगबोट ओढून आणून उभी केली.

हे लिहिताना मी सोयीस्कर विसरले की याच लोकांच्या आज्यांनी तीच बदकं चुलीत घातली होती, आणि माझ्याकडच्या निम्म्या क्विल्ट सामान हलवताना कपाटं गुंडाळायला वापरलेल्या असतात. आणि हेही विसरले की पुण्यात दिनकर केळकरांनी कुठल्याही वेबबाईंचं नाव न ऐकता हेच केलं. गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, दरवाजे जमवले, वीस हजारांवर वस्तू, आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं. शाळेच्या सहलीत मी ते पाहिलं होतं. आठवण एकच आहे: बाहेर बर्फाचा गोळा खाल्ला. ही माझी वारशाची जाण.

बरं, वस्तू सांभाळणं म्हणजे काय, यावरही इथलं आणि तिथलं जुळत नाही. आईचं पितळ म्हणजे चिंच, राख, पुढे पीतांबरी, आणि घासघासून सोन्यासारखं लखलखीत. काळं पडलेलं भांडं दिसलं की घरातली बाई आळशी. इथे उलट. सुरुवातीला मी सगळं चकाचक घासून टेबलावर मांडलं तर शेजारचा म्हातारा टेबलवाला माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला जणू मी कुणाचा गळा दाबलाय. "शंभर वर्षं लागली असतील ते चढायला," तो म्हणाला, "आणि तू एका संध्याकाळी काढलंस." तेव्हापासून घासत नाही. आतल्या कल्हईचा थोडा अंशही तसाच ठेवते. पण दरवेळी ते काळवंडलेलं पितळ मांडताना आई मागे उभी आहे असं वाटतं.

याच म्हाताऱ्याकडे जुलैत मला टाक मिळाला, देव्हाऱ्यात पुजतात तो पत्र्यावर उठवलेला देव.

त्याच्या काचेच्या पेटीत, अमेरिकन यादवी युद्धातली बटणं आणि शिवताना बोटात घालायच्या टोपणांच्या मधे. चिठ्ठी: "हिंदू मॅन ऑन हॉर्स, ॲम्युलेट, ४५ डॉलर." दोन बोटं रुंद चांदीचा पत्रा. घोडा, त्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, खाली कुत्रा. देवाचं नाक पार गेलेलं, गालही सपाट, कारण किती वर्षं त्याच्यावर पाणी, दूध, पुन्हा पाणी आणि पुसणारा अंगठा. म्हाळसेचा चेहरा तर नुसता एक उंचवटा. मी तो नखाने उलटा केला, आणि घोड्याच्या पायांमधल्या खाचेत पिवळं काहीतरी दिसलं. वाळलेलं, घट्ट बसलेलं. म्हाताऱ्याने चष्मा वर केला. "ते खरवडू नकोस. ओरिजिनल पेंट आहे. त्याच्यामुळेच ४५. नाहीतर ३० ला दिला असता."

भंडाऱ्याचे पंधरा डॉलर. मी हसले, मग घासाघीस न करता पैसे दिले, जे ब्रिमफिल्डमध्ये पाप आहे.

ऑगस्टमधल्या त्या भांडणात मी याचा फोटो ग्रुपवर टाकला. मला वाटलं, दादाचं तोंड बंद होईल: बघ, मी देव सोडवून आणला, तुझ्या सरकारसारखाच, तोही स्वस्तात. दादाने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग फोनच केला.

"कुणाच्या घरचा आहे गं?"

"मला काय माहीत? कनेटिकटच्या एका सेलमधून आला म्हणतात."

"दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातला देव असा घरात ठेवू नये. झिजलेला टाक सोनाराला देतात, आटवून नवा करून घेतात. नाहीतर नदीत सोडतात. तू काय करणारेस?"

यात म्युझियम कुठेच नव्हतं. आपल्या रीतीत झिजलेल्या देवाला जपून ठेवत नाहीत, आटवतात, आणि तोच देव पुन्हा ताज्या नाकाने देव्हाऱ्यात येतो. बंबाबद्दल मी जे सात अंगठे मिळवले होते ते या एका वाक्याने परत द्यावेत असं वाटलं. मी विषय बदलायला बंबावरच गेले. म्हटलं, "आणि बंब? तोही आटवलाच ना?"

दादा म्हणाला, "अगं, तुला तीनदा विचारलं होतं."

विचारलं होतं. घर पाडायच्या आधी दोन वर्षं त्याने तो बंब स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात गॅलरीत ठेवला होता, वहिनी कुरकुरत असताना. मी दहा दिवसांच्या रजेवर आले होते, लेकीची परीक्षा होती, बॅगेला तेवीस किलोची मर्यादा होती. मी म्हटलं, "दादा, देऊन टाक. कुठे नेऊ मी?" काट्याशेजारी तो उभा होता हे खरं, पण आलेले पैसे त्याने चार वाटे करून माझा वाटा पाकिटात घालून दिला, वर माझं नाव लिहून. ते पाकीट मी पुण्याच्या विमानतळावर पुस्तकं घेण्यात संपवलं. ग्रुपवर हे मी अजून लिहिलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण दादा इथे येत नाही.

आणि लिहायलाच बसले तर आणखी एक. अडकित्ते माझ्याकडे सगळ्यांपेक्षा चांगले विकले जातात, त्याचं कारण त्यांची घडण नाही. गिऱ्हाईक विचारतं, "हा तुमच्या घरातला आहे का?" पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं: नाही, रोड आयलंडमधल्या एका सेलमधून घेतला. त्याने ठेवून दिला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, "माझ्या आजीचा." आणि आजी कशी झोपाळ्यावर बसायची, सुपारी कशी कातरायची, कातरताना शेजारच्यांच्या भानगडी कशा सांगायची, हे सगळं खरंखुरं सांगितलं. आजी खरी, झोपाळा खरा, भानगडी तर शंभर टक्के खऱ्या. अडकित्ता तेवढा रोड आयलंडचा. तेव्हापासून आजीचे नऊ अडकित्ते विकले आहेत. आजीकडे एकच होता. तो कुठे गेला, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

सप्टेंबरच्या शोला टाक बरोबर नेला. का नेला? घरी ठेवायला भीती वाटत होती, सोनार इथे कुठला, आणि नदी म्हटलं तर ब्लॅकस्टोन. तिच्यात खंडोबाला सोडायला मन होईना. करंड्यांच्या मागे, लमाणी तुकड्यावर ठेवला, चिठ्ठी न लावता. पावसाची एक सर येऊन गेली होती, बुटांना चिखल, ताडपत्रीवरून पाणी मानेत. एका तरुण मुलीने तो बरोबर हेरला. उचलला, हलकेच बोट फिरवलं. चांगला हात होता तिचा, वस्तू धरायची माहिती असलेला.

"हाऊ मच?"

"तो विकायचा नाही."

"एकशेवीस देते. कॅश."

"नाही, खरंच नाही."

तिने टाक होता तिथेच, होता तसाच ठेवला. मग माझ्याकडे पाहून, रागाने नव्हे, खरोखर न कळल्यासारखं विचारलं, "मग टेबलावर का ठेवलाय?"

मी तो उचलून रेनकोटाच्या आतल्या खिशात घातला आणि तिला वज्रीची किंमत सांगितली.