रोबो येतोय, पण मेसेजवाल्यानं दाखवलेल्या दारातून नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक मेसेज सोसायटीच्या, भावकीच्या, कंपनीच्या ग्रुपवर फिरायला लागतो. वर नाव कुणाचंही असो, मजकूर साधारण तोच: 'ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, २०३५ पर्यंत ४७ टक्के नोकऱ्या नष्ट होणार. कारखान्यात माणूस दिसणार नाही. शेतात मजूर लागणार नाही, ड्रोन आणि रोबो सगळं करतील. नोटा बंद होतील. डॉक्टर, ड्रायव्हर इतिहासजमा होतील. तंत्रज्ञान कोणासाठी थांबत नाही. मुलांना इंजिनिअरिंग, आयटीआयला घालून पैसे वाया घालवू नका.' नाशिकच्या आवृत्तीत 'अंबड-सातपूर ओसाड पडणार' अशी, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतींची, भर कुणीतरी घातली आहे.

मी अंबडला मेंटेनन्समध्ये आहे. रोबो बसवायचा आणि तो रुसला की मनवायचा, यावरच माझं घर चालतं. तेव्हा रोबो येणारच नाही असं म्हणण्यात माझा काहीच फायदा नाही. येतोय. पण मेसेजमधलं एकेक वाक्य जरा उलगडून बघू.

आधी ते ४७ टक्के. आकडा खरा आहे, वाक्य खोटं आहे. २०१३ साली ऑक्सफर्डमधल्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांचा अंदाज मांडला. अमेरिकेतल्या; त्यात ना अंबड, ना निफाड. त्यातल्या ७० व्यवसायांवर जाणकारांनी 'हे यंत्राला जमेल, हे जमणार नाही' असे शेरे मारले आणि बाकीच्यांचा हिशेब संगणकानं त्यावरून लावला. निघालं ते एवढंच, की ४७ टक्के रोजगार अशा व्यवसायांत आहे जे तांत्रिकदृष्ट्या यंत्राकडे जाऊ शकतील, कदाचित एक-दोन दशकांत. यंत्र परवडेल का, मालक ते घेईल का, याचा अंदाज त्यात बांधलेलाच नव्हता. पुढे २०१६ मध्ये ओईसीडी या प्रगत देशांच्या संघटनेच्या अभ्यासात अख्खा व्यवसाय एकगठ्ठा न धरता त्यातली कामं सुटी करून मोजली, तेव्हा आकडा ९ टक्क्यांवर आला. ९ टक्केही काही थोडे नव्हेत. पण 'सिद्ध केलंय' आणि 'नष्ट होणार' हे शब्द मूळ कागदात नाहीत, ते वाटेत चिकटले.

'कारखान्यात माणूस दिसणार नाही.' इथे जरा थांबतो, कारण हा माझा प्रांत. एक साधा सेल घ्या: दोन सीएनसी लेथ (संगणकाच्या हुकमावर धातू कातणारी यंत्रं) आणि मधोमध एक रोबो. ट्रेमधून फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेला कच्चा तुकडा, उचलायचं, चकमध्ये म्हणजे लेथच्या पकडीत धरायचं, झालेला जॉब (कातलेला तुकडा) बाहेर ठेवायचा. कंपनीत पाहुणे आले की त्यांना हेच दाखवतात. पाहुण्यांना न दिसणारा भाग असा: फोर्जिंगच्या कडेला फ्लॅश, म्हणजे जादा धातूची झालर, राहिला असेल तर ते ग्रिपरमध्ये, म्हणजे रोबोच्या पंज्यात, तिरकं बसतं. जॉब चकमध्ये जिथे टेकतो तिथे एक बारीक चिप अडकली, तर एअर ब्लो मारूनही ती निघेलच असं नाही. मग जॉबचा फेस, म्हणजे समोरची बाजू, मापाबाहेर जातो आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत ट्रे भरून रिजेक्शन होतं. इन्सर्ट, म्हणजे कापणारी टिप, झिजेल तसा बोअर, म्हणजे भोकाचं माप, काही मायक्रॉननं सरकतो, गेज लावून ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, द्यावा लागतो. कूलंट पातळ झालं की जॉबला गंज धरतो. जुना ऑपरेटर तर नुसत्या आवाजावरून सांगतो की टिप गेली.

यातल्या बऱ्याच गोष्टींना आज सेन्सर मिळतो, मीच तो बसवतो. पण प्रत्येक सेन्सरला पैसे पडतात. ज्या छोट्या युनिटमध्ये शंभर-दोनशे नगांच्या ऑर्डरी असतात, आज हा पार्ट आणि परवा दुसराच, तिथे दर वेळी ग्रिपर, फिक्स्चर, प्रोग्रॅम बदलत बसावं लागतं. तिथे रोबोचा हिशेब बसत नाही, आणि अंबड-सातपूरच्या गल्ल्यांत अशी युनिटं काही कमी नाहीत. एकाच पार्टचे लाखो नग जिथे निघतात तिथे मात्र रोबो बसतो, बसलाच आहे, आणि चार मशीनवर चार जण होते तिथे एक उरतो. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मेसेजवाला त्या उरलेल्या एकालाही घरी पाठवतो. त्याला पाठवल्यावर तो सेल जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी चालतो का, हे मला बघायचंय.

खरी काळजीची गोष्ट मेसेजमध्ये आलेलीच नाही. नाशिकला मोठा धक्का बसेल तो आपण बनवतो ती वस्तूच बदलली तर. त्र्यंबक रोडवरच्या मायको सर्कलचं नाव ज्या कारखान्यावरून पडलं, त्या आजच्या बॉशमध्ये डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजेक्टरच लागत नाही. सायलेन्सर नाही, इंधनाची टाकी नाही. यात रोबोचा काही दोष नाही. उत्तम हात आणि उत्तम मशीन दोन्ही जागेवर असतील, फक्त तो पार्ट मागणारं कुणी नसेल. आणि हा फटका मोठ्या कंपनीच्या गेटवर दिसायच्या आधी तिला माल पुरवणाऱ्या पन्नास-शंभर माणसांच्या युनिटमध्ये जाणवतो: आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी शिफ्ट बंद, मग ठेक्यावरच्या पोरांना 'पुढच्या महिन्यात फोन करतो'.

याच बदलाची दुसरी बाजूही नाशिकमध्येच आहे. एबीबी, क्रॉम्प्टन यांच्यामुळे स्विचगिअर, ब्रेकर (वीज जोडायची-तोडायची उपकरणं) हा आपल्याकडचा जुना धंदा. गाड्या विजेवर चालायच्या, सौर वीज ग्रिडला जोडायची, म्हणजे ब्रेकर आणि पॅनल जास्तच लागणार. मग एका गल्लीतला नोझलवाला पलीकडच्या गल्लीत ब्रेकरच्या कामावर जाऊ शकेल का? त्याला कोण शिकवणार, शिकेपर्यंत पगार कोण देणार? ओझरचं एचएएल बघा. मिग-२१ बनवण्यासाठी साठच्या दशकात उभा राहिलेला तो कारखाना. नंतर तिथे सुखोई-३० बनलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हवाई दलानं मिग-२१ निवृत्त केलं आणि ऑक्टोबरमध्ये ओझरच्या लाइनवरून पहिलं तेजस मार्क १ए उडालं. वस्तू बदलत गेली, कारखाना राहिला, कारण पुढच्या विमानाची ऑर्डर देणारं सरकार मागे होतं. अंबडच्या प्लॉटवरच्या टर्निंगवाल्याला असा ग्राहक नाही. मेसेजमध्ये भीतीच घालायची होती तर ही घालायची, निदान खरी तरी होती.

'शेतात मजूर लागणार नाही.' लिहिणाऱ्यानं ऑक्टोबर छाटणीनंतरची द्राक्षबाग बघितलेली नाही. काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावा, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढा, घड जीए या वाढीच्या संजीवकाच्या पाण्यात बुडवा, मग विरळणी. विरळणीवाली बाई मांडवाखाली दिवसभर मान वर करून उभी असते. हातातल्या बारीक कात्रीनं घडातल्या कोणत्या पाकळ्या, म्हणजे छोट्या फांद्या, काढायच्या, कोणते मणी ठेवायचे, हे तिला घड हातात आल्या आल्या ठरवावं लागतं. मणी फुगल्यावर एकमेकांना दाबून चिरडू नयेत, घडात हवा खेळावी, निर्यातीला लागणारी जाडी यावी, एवढा अंदाज त्या एका कात्रीत असतो. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या वेळेवर आल्या नाहीत की दिंडोरी-निफाडचा बागायतदार कसा कासावीस होतो ते त्यालाच विचारा. त्याला उद्या कुणी विरळणीचा रोबो दिला तर तो हार घालून स्वागत करील. मुलूखभर शोधूनही त्याला परवडेल असा मिळत नाही, ही त्याची तक्रार आहे.

ड्रोनचं म्हणाल तर केंद्रानं २०२३ मध्ये बचत गटांच्या महिलांना फवारणीसाठी १५,००० ड्रोन देण्याची योजना आणली. उघड्या, सपाट पिकाला ते सोयीचं आहे. पण डावणी या द्राक्षाच्या रोगाची बुरशी पानाच्या खालच्या अंगाला वाढते आणि मांडवावर पानांचा थर असतो, म्हणून ट्रॅक्टरचा ब्लोअर खालून मारावा लागतो.

द्राक्षवाल्याचं आयुष्य ज्या यंत्रानं खरोखर बदललं ते मेसेजमध्ये नाहीच. ते प्रयोगशाळेत आहे, द्राक्षातला औषधाचा अंश मोजणारं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसीचा, अंश सापडला म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले. मर्यादा होती एका किलोला ०.०५ मिलिग्रॅम. वेलीची फाजील वाढ रोखायला लोक ते सर्रास वापरत होते. तेव्हापासून निर्यातदार शेतकरी फवारणीची डायरी लिहितो, तोडणीच्या आधी नमुना देतो आणि रिपोर्टची वाट बघत रात्री जागून काढतो. एकाही मजुराचं काम त्या यंत्रानं घेतलं नाही. फक्त बागेत काय मारायचं आणि केव्हा थांबायचं, हे ठरवण्याचा अधिकार बांधावरून उठून लॅबमध्ये गेला. चांगलं झालं की वाईट? खाणाऱ्यासाठी चांगलंच. पण एवढा मोठा बदल कुठल्याही फॉरवर्डशिवाय झाला.

'नोटा बंद होतील', म्हणजे नाशिकरोडच्या प्रेसला कुलूप. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्याच वर्षी नोटाबंदीच्या आधी चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा होत्या. मार्च २०२४ मध्ये सुमारे ३५ लाख कोटींच्या. चहावाल्याकडे क्यूआर कोड लागला आणि रोकडही जवळजवळ दुप्पट झाली. अर्थात हे मूल्य झालं, छपाईच्या नगांचा हिशेब वेगळा. पण १९२८ पासून नोटा छापणाऱ्या प्रेसवर उठावणं घालायची घाई कशाला?

डॉक्टरांबद्दल २०१६ साली जेफ्री हिंटन यांच्यासारखा एआयमधला दिग्गज म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. याच हिंटनना २०२४ मध्ये नोबेल मिळालं, म्हणजे विषय न कळणारा माणूस नव्हे. ती पाच वर्षं कधीच उलटली. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाखालच्या महाविद्यालयांत रेडिओलॉजीची जागा मिळवायला अजूनही वरची रँक लागते. यंत्रं आली, फिल्म वाचायला मदत करतात, आणि सोनोग्राफीची रांग होती तेवढीच आहे.

ड्रायव्हरचं थोडं वेगळं. चालक नसलेल्या टॅक्सी अमेरिकेतल्या काही शहरांत खरोखर फिरतात, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण त्या आधी संध्याकाळी साडेसहाला नाशिकचा द्वारका चौक पार करून दाखवाव्यात. शिवाय नितीन गडकरींनी २०१७ मध्येच जाहीर सांगितलं होतं की अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण रोजगार जातील. आपल्या शहर बसच्या चालक-वाहकांनी आजवर बस उभ्या केल्या त्या ठेकेदाराकडे पगार थकला म्हणून. त्यांना सॉफ्टवेअरची नाही, पहिल्या तारखेची काळजी आहे.

'तंत्रज्ञान कोणासाठी थांबत नाही.' थांबतं की! २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. टायरवर धावणारी 'निओ' म्हणून केवढा गाजावाजा. एक खांब उभा राहिला नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प २००२ मध्ये उभा राहिला, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून किरणं मारायला. शेतकऱ्यानं हिशेब केला: वाहतूक, विकिरणाचा खर्च आणि शिवाय साठवण वेगळीच. तो आपल्या कांदा चाळीकडेच वळला. २००७ मध्ये त्याच प्रकल्पातून अमेरिकेला आंबे जाऊ लागले. कांद्याच्या पंढरीत बांधलेलं यंत्र आंब्याच्या कामी आलं, कारण त्याला गिऱ्हाईक आंब्याचं मिळालं. विज्ञानात काही कमी नव्हतं.

आणि हे सगळं वरून येऊन आपल्या डोक्यावर पडतं असंही नाही. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवणारे रमेश रासकर यांच्या पुढाकारानं इथे 'कुंभथॉन' (कुंभाच्या अडचणींवर उपाय शोधणारी कार्यशाळा) भरली. नाशिकच्याच एका शाळकरी मुलानं पाऊल पडलं की दाबावरून माणसं मोजणारी चटई बनवली आणि ती त्या कुंभात वापरली गेली. २०२७ च्या सिंहस्थाला कॅमेरे आणि एआय येणार म्हणतात. येऊ देत. गर्दी वाढल्याचा इशारा स्क्रीनवर आला की वाट बंद करण्याचा हुकूम कुणी द्यायचा, हे मात्र आधी ठरलेलं बरं.

राहिलं शेवटचं, मुलांना इंजिनिअरिंग-आयटीआयला घालू नका. सरसकट घाला असं मीही म्हणणार नाही. डिप्लोमा झालेली मुलं आमच्याकडे ट्रेनी म्हणून येतात. काहींनी मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, नुसता चित्रात बघितलेला असतो. दोष त्या मुलांचा नाही. अशा ठिकाणी फी भरणं म्हणजे पैसे वायाच. पण पीएलसीची, म्हणजे मशीनला हुकूम देणाऱ्या छोट्या संगणकाची, वायर शोधता येणारा, ड्रॉइंग वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी आम्हाला हवी असते आणि सहज मिळत नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून प्रवेशाआधी वर्कशॉप दाखवा म्हणावं. तिथल्या सीएनसीचा कंट्रोलर चालू करायला लावा. बहुतेक कंट्रोलरवर पॉवर ऑनचे तास आणि कटिंगचे तास वेगवेगळे दिसतात. मशीन किती सालचं आहे ते नेमप्लेटवर असतं. कटिंगचे तास त्या मानानं नगण्य असतील तर नमस्कार करून पुढचं कॉलेज बघा. आणि कंट्रोलर चालू करायलाच कुणी तयार नसेल, तर नमस्कारही करू नका.