राणी गेल्यावर कसे वागावे

सत्तर वर्षे गादीवर बसलेले माणूस गेले की नुसते रडून भागत नाही. 8 सप्टेंबर 2022 ला स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल वाड्यात राणी दुसऱ्या एलिझाबेथ गेल्या, तेव्हा ब्रिटनने हे शास्त्र पुरते करून दाखवले. शिकून ठेवा.

आधी काहीतरी बंद करा. काय, ते महत्त्वाचे नाही. नॉरिच शहरात सायकली लावायचा स्टँड बंद ठेवला. एका सुपरमार्केटने काउंटरवरचा 'बीप' हळू केला. बटाटे घ्या, पण दबक्या आवाजात. फुटबॉलचे सामने पुढे ढकलले, ओव्हलवरची कसोटी मात्र एक दिवस थांबून पुन्हा सुरू. अन्नपेढी चालवत असाल तर अंत्यविधीच्या दिवशी कुलूप घाला, भुकेल्यांनाही सुट्टी नको का? दवाखान्यातल्या तारखाही पुढे ढकला. त्या रुग्णांना थांबायची सवय असते.

मग राणीच्या शवपेटीच्या दर्शनाची रांग. ही खरी परीक्षा. मनगटाला पट्टी बांधून थेम्सच्या काठाने सदर्क पार्कपासून वेस्टमिन्स्टर हॉलपर्यंत सरकत राहायचे. रांग कुठवर आली ते सरकारच यूट्यूबवर दाखवत होते. एका दिवशी पार्क भरले, फाटक बंद झाले, तर लोकांनी रांगेत शिरण्यासाठी बाहेर दुसरी रांग लावली. पंढरीच्या दर्शनबारीत रात्र काढलेल्याला यात नवल नाही. फक्त इथे धक्का लागला की 'माउली' नाही, 'सॉरी' म्हणायचे. डेव्हिड बेकहॅम बारा तासांवर उभा राहिला. तुम्ही खासदार असाल तर रांग चुकवा, सोबत चार पाहुणे न्या. हेही आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही.

बागेत फुले ठेवा, मार्मालेडची (संत्र्याच्या मुरंब्याची) सँडविचेस नकोत. पॅडिंग्टन या कार्टून अस्वलाबरोबरच्या छोट्या फिल्ममध्ये राणीने पर्समधून एक काढून दाखवले होते, म्हणून लोक तीही आणून ठेवत होते. उद्यानवाल्यांनी तशी विनंतीच केली होती. नव्या राजाची दवंडी पिटत असताना 'याला निवडले कुणी?' असे ओरडू नका. ऑक्सफर्डमध्ये ओरडणाऱ्याला पोलिसांनी उचलले.

महाराष्ट्रात असाल तर जरा अवघड. बातमी आली ती अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, अकराच्या सुमारास. उद्याच्या मिरवणुकीसाठी ढोल आवळत बसलेल्यांनी मोबाइल बघितला असेल, 'गेली वाटतं' म्हटले असेल आणि दोरी पुन्हा ओढली असेल. भारत सरकारने 11 तारखेला एक दिवसाचा दुखवटा पाळला. पितृपक्ष लागलेलाच होता, वेगळी तिथी बघावी लागली नाही. त्या दिवशी झेंडा अर्ध्यावर आला. तो चढवताना 1947 साली बाईंच्या वडिलांचा उतरवला होता, हे तेवढे काढू नका. सुतकात कुणी जुनी उधारी मागते का?

शेवटी मधमाश्या. घरधनी गेला की त्यांना सांगायची तिकडे जुनी रीत आहे. बकिंगहॅम पॅलेसच्या पोळ्यांना राजवाड्याच्या मधपाळाने काळ्या रिबिनी बांधल्या आणि मालकीण गेल्याचे हळूच सांगितले. तुम्हीही सांगा. फार वेळ मात्र उभे राहू नका, त्यांना कामे असतात. त्यांची राणी गेली की त्या तशाही दुसरी वाढवायला घेतात.