पाठमोरा ट्रोगन आणि दोन स्टार

आज सकाळी चहा घेताना पक्षीवाल्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला आणि माझं डोकंच सटकलं. गेल्या आठवड्यात गोव्यात तांबडी सुर्लाला सकाळचा बर्डिंग वॉक केला ना आम्ही, त्याच बॅचमधल्या एका काकांनी गाईडला दोन स्टार दिलेत. कारण काय, तर म्हणे कॉल वाजवायला (म्हणजे पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून त्याला बोलवायला) नकार दिला, ट्रोगन (लाल पोटाचा जंगलातला पक्षी, मराठीत कर्णा) पाठमोरा दिसला, पैसे वसूल झाले नाहीत.

पैसे वसूल! अहो, तो पक्षी काय पगारावर आहे का?

आता त्या दिवशी काय झालं ते सांगतेच. महादेवाच्या देवळाच्या (ते कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं, हो तेच) अलीकडे आम्ही उजाडायच्या आत पोचलो तर तो पोरगा आधीच येऊन उभा. तिथलाच आहे, गावातला. दुर्बीण गळ्यात, पण ती फारशी वापरतच नाही, कान टवकारून चालतो. फेब्रुवारीअखेर म्हणजे तिकडे चांगलंच उकडायला लागतं, ऊन चढलं की पक्षी गप्प, त्यामुळे जे काय ते पहिल्या दोन-तीन तासांत. एका झुडपांच्या जाळीपाशी तो थांबला आणि बोट दाखवलं. मी दुर्बिणीतून बघतेय तर नुसती वाळकी पानं. तो हळूच म्हणाला, "ताई, पान डोळा उघडतं का बघा." आणि खरंच एका पानाने चिरेएवढा डोळा उघडला! फ्रॉगमाउथची (वाळक्या पानासारखा दिसणारा रात्रीचा पक्षी) जोडी, एकमेकांना चिकटून, दिवसाची झोप काढत बसलेली. मला दोन मिनिटं बोलताच येईना. काकांनी धडाधड फोटो काढले आणि म्हणाले, चला, पुढचा.

मग ट्रोगन. आपला कर्णा हो. उजवीकडच्या गर्द झाडीतून ती दबकी क्यू-क्यू आली आणि काकांनी बॅगेतून ब्लूटूथ स्पीकर काढला, ॲप आधीच उघडून तयार. पोराने शांतपणे सांगितलं, "ना काका, कॉल वाजवायचा नाय. आता त्यांचे घरट्याचे दिवस."

मला सांगा, यात काय चुकलं त्याचं? तो आवाज ऐकून पक्षी तुम्हाला भेटायला येत नाही. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तुमच्या दारात रोज सकाळी कुणी येऊन 'हे घर माझं आहे' असं ओरडायला लागलं तर तुम्ही पोहे खात बसाल का? तो खाणं सोडून, घरटं सोडून धावत येतो, भांडायला कुणी सापडत नाही, आणि आपण खालून क्लिक क्लिक. आज आपली बॅच, उद्या दुसरी, शनिवार-रविवारी तर रांगच. कुजक्या खोडात चोचीने उकरून घरटं करतो हो तो, जरा तरी विचार करा.

हो, अभ्यासक सर्व्हेसाठी कॉल वाजवतात, माहितीये मला. तुम्ही सर्व्हे करत नव्हतात.

आणि 'पूर्वीचे लोक किती संयमाने बघायचे' वगैरे मी म्हणणार नाहीये, १९३३ मध्ये पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी त्रावणकोर-कोचीनचा सर्व्हे केला तेव्हा पक्ष्यांचे नमुने बंदुकीनेच गोळा व्हायचे, ते कमेंटमध्ये येऊन मला शिकवू नका. आपल्याकडे एवढं लांबचं दाखवणाऱ्या दुर्बिणी आहेत, म्हणून तर जास्त राग येतो.

तर आम्ही थांबलो. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम सगळं झाड हललं, वेगवेगळ्या पक्ष्यांचा मिश्र थवा आला, निखार काय, नीलपरी काय, कुठे बघू न् कुठे नको, आणि भृंगराज शेपटीच्या दोन पताका उडवत इतरांच्या नकला करत होता (त्याला स्पीकर लागत नाही). त्या गडबडीत कर्णा येऊन एका वेलीवर बसला. आमच्याकडे पाठ करून. तो बसतोच तसा, लाल पोट लपवून, तपकिरी पाठ आपल्याकडे, हलत म्हणून नाही. बसला, बसला, आणि गेला. लाल रंग कुणालाच दिसला नाही. मलाही नाही.

खरं सांगू का, काकांचा चेहरा बघून वाईटही वाटलं होतं. रिटायरमेंटच्या पैशातून लेन्स घेतलीये, गुडघे दुखतात, परत येणं होईल की नाही असं गाडीत म्हणत होते. ते मला कळतं. पण म्हणून त्या पोराच्या पोटावर पाय? त्याचं पुढचं बुकिंग त्या स्टारवर येतं काका, तुमचं पेन्शन येतं तसं त्याचं काही येत नाही. आणि पुढच्या वेळी तो घाबरून कॉल वाजवेल, मग आपणच फेसबुकवर लिहू की हल्लीचे गाईड बिघडलेत!

असो. बीपी वाढवून घेत नाही. डिसेंबरात परत त्याच्याचकडे जातेय, गाडीत दोन जागा आहेत. भडक शर्ट नको, परफ्यूम नको, फोन सायलेंटवर. आणि कुणाच्या बॅगेत स्पीकर निघाला तर मोलेच्या नाक्यावर उतरवीन, मग चिडू नका.