सर्व्हरवर अडकलेलं एक 'नाही'

१० एप्रिल २०२०. स्कॉटिश फुटबॉल लीगच्या ४२ क्लबांपुढे एक ठराव होता: कोविडमुळे थांबलेला हंगाम आहे तिथंच संपवायचा का? दुसऱ्या डिव्हिजनमधल्या १० पैकी ८ क्लबांनी 'हो' म्हटलं तरच तो मंजूर होणार होता. सात 'हो' आले, दोन 'नाही' आले. दहावं मत डंडी क्लबचं. त्यांनी 'नाही' पाठवलं होतं, पण तो मेल लीगच्या सर्व्हरनेच अडवून ठेवला. मग डंडीनेच कळवलं की आमचं मत इतक्यात धरू नका. पाच दिवसांनी त्यांचं 'हो' आलं आणि खालच्या तिन्ही डिव्हिजनचा हंगाम तिथंच संपला.

यातली कायद्याची गंमत बघा. ब्रिटनच्या कंपनी कायद्यात लेखी ठरावाला एकदा दिलेली संमती मागे घेता येत नाही. नकार मात्र बदलता येतो, असं लीगचं म्हणणं. म्हणजे 'हो' दगडावरची रेघ आणि 'नाही' पाण्यावरची. एका क्लबने पाच दिवसांत विचार बदलला आणि त्याच डिव्हिजनच्या तळाला असलेला पार्टिक थिसल खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. वरच्या क्लबपेक्षा फक्त दोन गुण कमी होते त्यांचे, आणि एक सामना जास्तीचा हातात होता.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. परवा म्हणाला, "मामा, साथ आली, सामने बंद झाले. कुणाचाच दोष नाही, मग लोक कोर्टात कशाला गेले?" फोनवर उत्तर दिलं, पण ते मलाच अर्धवट वाटलं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. (मी वकील नाही. करारातली बारीक अक्षरं वाचायची वाईट खोड आहे, एवढंच.)

सामने थांबवले म्हणून जवळपास कुणीच भांडलं नाही. भांडण लागलं ते नंतर काढलेल्या निकालावरून. हंगाम 'रद्द' झाला म्हणजे नक्की काय झालं, हे कुठं लिहिलेलंच नव्हतं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडमध्ये प्रत्येक संघाचे जेमतेम तीन सामने झाले होते. ते सरळ पुसून टाकले. तिन्ही जिंकून पहिला असलेला ब्लॅकपूल बिचारा गप्प बसला. तीन सामने पुसणं सोपं असतं. पण २०२० च्या मार्चमध्ये बहुतेक लीगचे दोन तृतीयांशापेक्षा जास्त सामने उरकले होते, बेल्जियममध्ये तर ३० पैकी २९ फेऱ्या. एवढं पुसता येत नाही, आणि पूर्ण झालं असंही म्हणता येत नाही.

हॉलंडने २४ एप्रिलला हंगाम संपवला. विजेता कुणी नाही, कुणी वर जाणार नाही, कुणी खाली येणार नाही. ऐकायला किती निर्मळ! पण युरोपातल्या स्पर्धांची तिकिटं मात्र त्याच अर्ध्या गुणतालिकेवरून वाटली. आयाक्स आणि आल्कमारचा एझेड, दोघांचे ५६ गुण. आयाक्सचा गोलफरक चांगला म्हणून मानाची जागा त्यांना. एझेडने त्या हंगामात आयाक्सला दोन्ही वेळा हरवलं होतं, हे सांगून त्यांनी युएफाचं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचं, दार ठोठावलं. उपयोग झाला नाही. माझा पहिला आक्षेप इथंच आहे. तालिका खरी मानायची तर सगळ्यांसाठी माना. युरोपला जायला ती चालते आणि खालच्या डिव्हिजनमधून वर यायला चालत नाही, हे कसं?

कारण त्याच देशात केंब्यूर नावाचा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला होता, तिसऱ्यापेक्षा ११ गुणांनी पुढे. वर-खाली करायचं का, यावर ३४ क्लबांचं मत घेतलं तेव्हा १६ 'हो' म्हणाले, ९ 'नाही', आणि ९ जणांनी कुठलीच बाजू घेतली नाही. स्पष्ट बहुमत नाही असं म्हणून देशाच्या फुटबॉल संघटनेने 'नाही' ठरवलं. केंब्यूर आणि दुसऱ्या क्रमांकाचा डे ग्राफस्काप उट्रेख्तच्या कोर्टात गेले. १४ मे रोजी हरले. कोर्टाचा सूर असा, की अडचणीच्या वेळी निर्णय घ्यायचा अधिकार संघटनेचा आहे, आणि तो इतका अवाजवी नाही की आम्ही मोडून काढावा.

आता स्कॉटलंडला या. एडिनबराचा हार्ट्स वरच्या डिव्हिजनमध्ये शेवटचा, चार गुणांनी मागे, आठ सामने बाकी. त्याला खाली ढकललं. हार्ट्स आणि पार्टिक थिसल कोर्टात गेले आणि म्हणाले, आमचं रेलिगेशन (खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलणं) थांबवा, नाहीतर एकाला ८० लाख आणि दुसऱ्याला २० लाख पौंड द्या. ३ जुलैला कोर्टाने सांगितलं की फुटबॉल संघटनेचे सदस्य होताना तुम्ही लवाद मान्य केलाय, तिकडे जा. लवाद महिनाअखेरीला त्यांच्या विरोधात गेला.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. एका देशात पहिला असलेल्याला वर जाऊ दिलं नाही, कायद्याने म्हटलं ठीक. दुसऱ्या देशात शेवटच्याला खाली ढकललं, तेही ठीक. म्हणजे निर्णय न्याय्य होता का, हे कुठंच तपासलं गेलं नाही. अधिकार कुणाचा आणि तो डोकं ठिकाणावर ठेवून वापरला का, एवढंच पाहिलं. मी न्यायाधीशांना दोष देत नाही. उरलेले सामने जिंकले असते की हरले असते, हे कुठला न्यायाधीश सांगणार? गेलेली संधी हा मोजायला सर्वांत अवघड तोटा आहे.

फ्रान्सचं प्रकरण मला सर्वांत जास्त आवडतं, कारण तिथं कोर्टाने एक धागा खरंच ओढला. पंतप्रधानांनी २८ एप्रिलला जाहीर केलं की हंगाम पुन्हा सुरू होणार नाही. दोन दिवसांनी लीगने प्रत्येक सामन्यामागच्या सरासरी गुणांवर तालिका लावली: पॅरिस विजेता, आम्यां आणि तुलूझ खाली, सातवा आलेला ल्यों युरोपबाहेर. तिघेही देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेले. ९ जूनचा आदेश बघण्यासारखा आहे. हंगाम संपवणं कायम, तालिका कायम, पण दोघांचं रेलिगेशन स्थगित. का? पहिल्या डिव्हिजनमध्ये २० च क्लब असतील, या ज्या कराराचा लीगने आधार घेतला होता, तो ३० जूनला संपत होता. संपणाऱ्या कराराच्या जोरावर पुढच्या हंगामातून कुणाला बाहेर काढता येत नाही, नीट विचार करून या, असं कोर्ट म्हणालं. वाचून मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण दोन-तीन आठवड्यांत लीग आणि संघटनेने मतदान घेऊन पुन्हा २० च ठरवले. आम्यां परत कोर्टात गेला आणि हरला. पहिल्यांदा चुकीच्या कागदावर घेतलेला निर्णय दुसऱ्यांदा बरोबर कागदावर घेतला, एवढाच काय तो फरक.

पैशाचं थोडक्यात सांगतो. कराराच्या भाषेत ज्याला दैवी आपत्तीचं कलम म्हणतात, त्याने फार तर दंड टळतो. न केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत. फ्रान्समध्ये वाहिन्यांनी उरलेले हप्ते अडवले आणि लीगला सरकारी हमीवर २२.४५ कोटी युरोंचं कर्ज काढावं लागलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने हंगाम पूर्ण केला, तरी वाहिन्यांना ३३ कोटी पौंडांची सूट द्यावी लागली. पण पूर्ण केल्याचा फायदा दिसला तो सामने दाखवणाऱ्या चीनच्या पीपी लाइव्ह कंपनीबरोबरच्या खटल्यात. ते म्हणाले, रिकाम्या स्टेडियममध्ये, भलत्या वेळी झालेले सामने म्हणजे आम्ही विकत घेतलेली स्पर्धाच नव्हे. लंडनच्या हायकोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण सुनावणी न घेताच ते फेटाळलं आणि २१ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला लावली. हंगाम अर्धा सोडला असता तर हा खटला असा सरळ सुटला नसता.

सरासरी गुण हे सूत्र अनेकांना तटस्थ वाटतं. मला नाही वाटत. इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवर वायकम आठवा होता. सरासरी काढल्यावर तिसरा झाला आणि प्ले-ऑफ (वर जाण्याच्या शेवटच्या जागेसाठीचे बाद सामने) जिंकून वर गेला. पीटरबरो प्ले-ऑफच्या बाहेर फेकला गेला. ट्रॅनमियर सुरक्षित जागेपासून तीन गुण दूर होता, एक सामना जास्तीचा हातात होता, तरी खाली गेला. गणितात खोट नव्हती. पण कुठलं गणित लावायचं ते कुणाचा फायदा, कुणाचा तोटा हे समोर दिसत असताना ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत ज्यांचा फायदा होणार तेही होते. वाटणी झाल्यावर मोजमाप ठरवायचं, असला हा प्रकार.

माझं मागणं साधं आहे. हा नियम पहिला सामना व्हायच्या आधी लिहा, कोण कुठं असेल हे कुणालाच ठाऊक नसताना. किती टक्के सामने झाले की तालिका धरायची, त्याखाली काय, सरासरी की आहे तो क्रम. आणि ज्याला न खेळता खाली जावं लागेल त्याला बाकीच्यांनी मिळून किती भरपाई द्यायची, तो आकडाही तिथंच लिहा. हार्ट्सचा खरा राग याच गोष्टीवर होता, असं मला वाटतं. तोटा सगळ्या लीगचा होता आणि बिल दोन-तीन क्लबांच्या हातात दिलं.

भाच्याला हे सगळं ऐकवलं. तो हुशार आहे, म्हणाला, "मामा, पण शेवटी सगळे आपापल्या जागी गेलेच की! हार्ट्स आणि केंब्यूर पुढच्याच वर्षी आपापली डिव्हिजन जिंकून वर आले. बेल्जियमने तळाला असलेल्या वासलँड-बेव्हेरेनला वाचवायला लीग १८ संघांची केली, तर तो वर्षभराने मैदानावरच हरून खाली गेला."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, "आणि ट्रॅनमियर?"

त्याने फोनवर शोधलं. २०२१ मध्ये प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत मॉर्कमकडून हरले होते. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बरं, तो नियम कसा लिहायचा म्हणतोस?"