८.४०ची कोयना

क्रूझने मुंबईहून गोव्याला जाऊन आलेल्या माणसाला कराडात सगळे एकच विचारतात : बोट लागली का हो? म्हणजे ओकाऱ्या झाल्या का. नाही झाल्या. समुद्रात आम्हाला काहीही झालं नाही. जे काही झालं ते मुंबईच्या जमिनीवर, बोट लागते तो बॅलार्ड पिअरचा धक्का ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस एवढ्या जेमतेम दीड किलोमीटरात, सकाळी सात ते आठ-चाळीसच्या दरम्यान झालं.

तिकिटं चिरंजीवांनी पुण्यात बसून काढली होती. क्रूझची, आणि उतरल्या दिवशीच्या कोयना एक्स्प्रेसची. "बाबा, बोट सातला लागते, कोयना ८.४०ला सुटते, मध्ये दीड किलोमीटर. चहा पिऊनसुद्धा वेळ उरेल." चिरंजीव आयटीत आहेत. त्यांच्याकडे पडद्यावर दोन चौकोनांच्या मध्ये रेघ ओढली की ते चौकोन जोडले गेले असं समजतात. त्या रेघेवरून दोन बॅगा आणि एक आई ओढत न्यावी लागते, हे पडद्यावर दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, कोयना चुकली तर चुकली, कराडला एसटी काय कमी आहेत? नाहीत कमी. पण आमच्या हिला बस लागते. अरबी समुद्रात बोट डुलत असताना हिने पराठ्यावर पराठा चापला, वर आइस्क्रीम खाल्लं. पण खंबाटकी घाट असं नुसतं म्हटलं तरी ही पिशवीत लिंबू चाचपायला लागते. तेव्हा कोयनाच. शिवाय आरक्षण दोन महिने आधी केलेलं, आणि खिडकीची जागा. खिडकीची जागा सोडून देणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

क्रूझवर शेवटच्या संध्याकाळपर्यंत तुम्ही महाराज असता. पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवतात. दिसेल तो माणूस गुड मॉर्निंग म्हणतो, तेही दिवसभर. शेवटच्या रात्री मात्र हत्ती नसतो. त्याच्या जागी एक छापील कागद असतो, आणि त्या कागदाचा एकंदर सूर लग्न लागल्यावर कार्यालयाचे मॅनेजर ज्या सुरात 'हॉल किती वाजता सोडताय' विचारतात तसा असतो. बॅगांना रंगीत पट्ट्या बांधून रात्री खोलीबाहेर ठेवा. सकाळी त्या खाली टर्मिनलमध्ये मिळतील. किंवा स्वतःच्या बॅगा स्वतः न्या आणि पहिल्या तुकडीत उतरा.

"रात्रभर बॅगा बाहेर?" ही म्हणाली. "बॅगेत दोन किलो काजू आहेत."

त्यामुळे आम्ही पहिल्या तुकडीत गेलो. बॅगा बाहेर ठेवणाऱ्यांची गत सकाळी न्याहारीच्या वेळी कळली. एक गृहस्थ वर कडक इस्त्रीचा शर्ट, पायात बूट-मोजे आणि मध्ये फुलाफुलांची अर्धी चड्डी अशा वेषात उपम्याच्या रांगेत उभे होते. त्यांच्या बायकोने पँट घडी करून बॅगेत भरली आणि बॅग रात्रीच गेली. ते कुणाकडेही बघत नव्हते. बायको त्यांच्यापासून दोन माणसं सोडून उभी होती.

मी पहाटेच उठून वर डेकवर जाऊन बसलो होतो. गाडी गाठायची असली की मला झोप येत नाही. आणि इथे तर मी बोटीवर नजर ठेवून होतो, ती वेळेवर पोचते की नाही म्हणून. खांदेरीचा दिवा मागे पडला, तेव्हा बरं वाटलं. शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधला तो मुंबईकर इंग्रजांच्या उरावर नजर ठेवायला, आणि २०२५ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, हे मला एरवी हिला सांगायला आवडलं असतं. पण मी मनात मैल मोजत होतो. मग एक लहानशी लाँच आली, तिच्यातून बोटीला बंदरात वाट दाखवणारा पायलट दोरीच्या शिडीवरून आमच्या एवढ्या अवाढव्य बोटीवर चढला. आणि सातला दोन मिनिटं कमी असताना बोट धक्क्याला लागली. चिरंजीवांना मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले.

"झालं! चला!" मी बॅग उचलली.

खोल्यांची साफसफाई करणारा देवगडचा एक पोरगा जिन्यात भेटला. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "काका, बोट लागली म्हणान लगेच उतराक गावना नाय."

उतराक का गावना नाय, हे पुढचा पाऊण तास समजत गेलं. बोट लागते म्हणजे फक्त तिची कड धक्क्याला टेकते. मग दोर बांधायचे. मग गँगवे, म्हणजे उतरायचा पूल, लावायचा. मुंबई बंदरात मोठ्या भरतीच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, म्हणजे सकाळी जे दार धक्क्याच्या पातळीला असतं ते दुपारी मजलाभर खाली गेलेलं असू शकतं; तेव्हा तो पूल बेताने आणि नीट मापाने लावावा लागतो. मग कागदपत्रं होतात. हे सगळं रास्तच आहे. पण कोयनेला भरती-ओहोटी लागू नाही.

शिवाय काजू काही आम्हीच घेतले नव्हते. आपापल्या बॅगा घेऊन पहिल्या तुकडीत उतरू म्हणणारे निदान निम्मी बोट होते. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, आत कोंबलेली माणसं आणि बॅगा दिसायच्या, आतले बाहेरच्यांकडे आणि बाहेरचे आतल्यांकडे शत्रुराष्ट्रांच्या नजरेने बघायचे, दार बंद व्हायचं. अशा तीन लिफ्ट बघितल्यावर आम्ही जिन्याने उतरलो. खाली रांग होती. रांग मधूनच हलायची, बंद पडायची. लाउडस्पीकरवर एक बाई प्रत्येक पाच मिनिटांनी अत्यंत आनंदाने सांगत होती की थोडाच वेळ लागेल.

रांगेत आमच्या पुढे डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना कोणतीही विशिष्ट गाडी गाठायची नव्हती. डोंबिवलीला लोकल असतात. ज्याला गाडी गाठायची नसते त्याला इतिहास सुचतो.

"तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले, "पूर्वी बॅलार्ड पिअरला खुद्द रेल्वे स्टेशन होतं. बॅलार्ड पिअर मोल. विलायतेची डाकबोट लागली की साहेब बोटीतून उतरायचा तो सरळ गाडीत. पंजाब मेल १९१२ पासून इथून सुटायची. फ्रंटियर मेल १ सप्टेंबर १९२८ला सुरू झाली, ती थेट पेशावर! बोटीचं आणि गाडीचं वेळापत्रक जुळवलेलं असायचं."

"साहेबाला हमाली पण करावी लागत नसेल," ही म्हणाली.

"छे, छे. पलीकडे दार, अलीकडे दार."

"मग ते रूळ कुठं गेले?" हिने असं विचारलं की ते रूळ डोंबिवलीकरांनीच घरी नेले असावेत. ते जरा गडबडले.

आम्ही प्रत्यक्ष जमिनीवर पाय ठेवला तेव्हा ७.५० झाले होते. आणि जमीन हलत होती. सतत डुलत्या बोटीवर राहिलं की कान आणि पाय त्या डुलण्याला सरावतात, आणि जमिनीवर आल्यावर काही काळ डुलत राहतात. नव्या टर्मिनलची फरशी आरशासारखी चकचकीत. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेली ती एवढी मोठी इमारत, ७२ काउंटरं, आणि तिच्यात आम्ही दोघं बॅगा ओढत, मधूनच उगीचच डावीकडे झुकत चाललेलो. सुरक्षारक्षकाने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. सकाळी आठला असा चालणारा माणूस पाहून त्याला जे वाटलं असेल ते वाटलं असेल. "इथं एक फोटो काढू या," ही म्हणाली. मी घड्याळ दाखवलं. "मग चालता चालता काढा." तो फोटो आहे आमच्याकडे. त्यात हिचा एक कान आहे आणि बाकी छत.

बाहेर येऊन फोनवर टॅक्सी मागवली. मंजूर झाली. चार मिनिटांत येणारी टॅक्सी चार मिनिटांनी अकरा मिनिटांवर गेली. ड्रायव्हरचा फोन आला, "सर, आप पानी में दिख रहे हो." मी म्हटलं, पाण्यातनं आत्ताच बाहेर आलोय, धक्क्यावर आहे. "हां, तो मैं भी धक्के पे ही हूँ." तो भाऊच्या धक्क्यावर होता. बोट, धक्का, प्रवासी, बॅगा, एवढी वर्णनं ऐकून मुंबईतला कुठलाही समंजस माणूस भाऊच्या धक्क्यावरच जाईल. त्याचं काही चुकलं नाही.

मग काळी-पिवळी. रांगेत उभ्या होत्या. पहिल्याने काच खाली केली. "कहाँ?"

"सीएसटी."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी दोष देणार नाही. काळी-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. एवढी मोठी क्रूझ येणार, श्रीमंत लोक उतरणार, विमानतळ म्हणणार, बोरिवली म्हणणार, म्हणून तो बिचारा पहाटेपासून टॅक्सी लावून बसलेला, आणि समोर उभी माणसं बरोबर ३१ रुपयांची. त्याने काच वर केली. दुसऱ्याने केली. तिसरा पाचशे म्हणाला.

"पाचशेत आम्ही दोघं कराडला जातो!" ही कडाडली. हे आकडेवारीने खरं होतं.

८.०८. डोंबिवलीकर म्हणाले, "चला, चालत जाऊ. वाटेत तुम्हाला बॅलार्ड इस्टेट दाखवतो." आम्ही निघालो. बॅगेला चाकं असतात ती टर्मिनलच्या फरशीसाठी. फुटपाथवर ती शोभेला असतात. शंभर पावलांत माझ्या बॅगेचं एक चाक फिरायचं थांबलं. शिवाय हिचा गुडघा. तेवढ्यात मागून खडखडाट ऐकू आला. रिकामी हातगाडी घेऊन साठीतला एक माणूस मस्जिद बंदराच्या बाजूला निघाला होता. डोक्याला टॉवेल, अंगात बंडी. आमच्याकडे बघून थांबला.

"गाव कंचं?"

"कराड."

"आम्ही पाटणचं. कुठली गाडी?"

"कोयना. ८.४०ची."

कोयना म्हटल्यावर पाटणच्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. एका हाताने एक अशा त्याने दोन्ही बॅगा उचलून गाडीवर टाकल्या. मुंबईच्या गोद्या आणि बाजारपेठा साताऱ्याकडच्या माणसांच्या पाठीवर उभ्या राहिल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आता त्यात माझीही बॅग आली.

"वैनी, बसा वर."

"अय्या, नको!" ही म्हणाली, आणि बसली.

जॉर्ज विटेट या वास्तुकाराने १९१४ ते १९१८ या काळात एका धाटणीच्या भारदस्त दगडी इमारती बांधून ही बॅलार्ड इस्टेट लंडनसारखी दिसेल अशी व्यवस्था केली. त्या रस्त्याने सकाळी सव्वाआठला हातगाडी चालली होती. तिच्यावर दोन बॅगा, बेबिंका या गोव्याच्या मिठाईचं एक खोकं आणि खोक्यावर हात ठेवून, पदर सावरून बसलेली आमची ही. पुढे पाटणकर. मागून धक्का द्यायला मी. बाजूने डोंबिवलीकर, डावीकडची इमारत, उजवीकडची इमारत सांगत. ऑफिसला लवकर आलेल्या दोन मुलींनी मोबाइल काढले. हिने त्यांच्याकडे बघून हात हलवला. क्रूझवर तिने कॅप्टनला असाच हात केला होता.

सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूने, पी. डिमेलो रोडच्या दाराशी हातगाडी थांबली तेव्हा ८.२७ झाले होते. "किती द्यायचे?"

"गाववालं हायसा. शंभर द्या."

हिने घासाघीस न करता दिले. लग्नानंतर हे मी प्रथम पाहिलं. डोंबिवलीकरांनी स्टेशनची इमारत १८८८ला पुरी झाली एवढं सांगून निरोप घेतला.

पी. डिमेलो रोडच्या दाराने आत शिरलं की पहिला लागतो १८ नंबरचा फलाट. कोयना अर्थातच तिथे नव्हती. जिथे होती तिथे पोचल्यावर कळलं की आमचा डबा इंजिनाच्या टोकाला आहे, आणि आम्ही गार्डाच्या. गाडीची लांबी काय असते हे कळायला ती पळत मोजावी लागते. अर्ध्यात हिने निर्णय दिला, "चढा!" समोर जे दार होतं त्यात बॅगा फेकल्या, आम्हाला कुणीतरी वर ओढलं, आणि गाडी हलली. ठीक ८.४०.

मग आतून चालत निघालो. पायांवरून, पिशव्यांवरून, झोपलेल्या एका मुलावरून. दादर आलं तेव्हा आम्ही चालत होतो. ठाण्याला आमच्या डब्यात पोचलो. खिडकीच्या जागेवर मिरजेचे एक आजोबा बसले होते. त्यांनी तिकीट बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता सरकले.

आता आठवलं की न्याहारी झालेलीच नाही. हिने पर्स उघडली. पर्समधून टिशू पेपरात गुंडाळलेली चार उकडलेली अंडी निघाली, मिठाच्या दोन पुड्या निघाल्या, आणि तीन क्रोसाँ. कधी घेतले, मला पत्ता नाही. जागा दिली म्हणून एक तिने आजोबांना दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला, एक तुकडा मोडला, आत डोकावले आणि चष्मा वर करून पुन्हा डोकावले.

"वैनी," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या करंजीत सारण घालायचं राहिलंय."

"राहिलं नाही हो," ही म्हणाली. "बोटीवर तशीच देतात."